सकाळी मूठ वळत नाही तेव्हा: ऑटोइम्युन आजार ओळखण्यापासून सांभाळण्यापर्यंत

२०१७ची ऑक्टोबर छाटणी चालू होती. तासगाव तालुक्यातली आमची दोन एकर द्राक्षबाग, सकाळी सातला मी ओळीत उभी आणि हातातली कात्री दाबलीच जाईना. रात्रभर कुणी बोटं दोरीनं आवळून ठेवावीत तसं वाटत होतं. दहापर्यंत हात मोकळे झाले, कात्री चालायला लागली, म्हणून मी गप्प बसले. त्यानंतर आजाराचं खरं नाव कळायला चौदा महिने गेले. तोवर उजव्या मनगटाच्या हाडाला बारीक खड्डे पडले होते. ते आता भरून येत नाहीत.

मला आमवात आहे, डॉक्टर त्याला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. माझी भाची कऱ्हाडला असते. तिला २०२१ मध्ये ल्युपस निघाला. दोघींच्या फायली मीच सांभाळते. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण तिथवर पोचताना माझं जे जे चुकलं, ते तुमचं चुकू नये म्हणून हे लिहितेय.

१. आधी आजाराचा स्वभाव समजून घ्या

जंतू आत शिरले की त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात. आपलं कोण आणि परकं कोण, ही ओळख त्यांना पक्की असावी लागते. ती ओळख बिघडली की याच पेशी आपल्याच अवयवांवर चालून जातात. यालाच ऑटोइम्युन आजार म्हणतात. हल्ला कुठे होतो त्यावरून आजाराला नाव मिळतं. सांध्यांच्या अस्तरावर झाला तर आमवात, थायरॉइडवर झाला तर हाशिमोटो किंवा ग्रेव्हज, त्वचेच्या रंगपेशींवर झाला तर कोड, इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर झाला तर टाइप १ मधुमेह. ल्युपसमध्ये त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त असं काहीही सापडू शकतं. असे ८०हून जास्त आजार आहेत.

बायकांमध्ये यातले बरेचसे जास्त आढळतात. ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. काही अंशी हे रक्तात येतं, त्यावर एखादा संसर्ग, धूम्रपान, ऊन, संप्रेरकं यांची भर पडते. हे आजार एकमेकांना लागत नाहीत. पंगतीत शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं काही होत नाही. कोड असलेल्या मुलीचं लग्न मोडताना मी पाहिलंय, म्हणून हे ठासून सांगते.

आणखी एक गैरसमज. “तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीय, ती वाढव,” असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. आमच्या आजारात ती शक्ती भरकटलेली असते. तिला जोर देण्याऐवजी ताळ्यावर आणावं लागतं. पुढची सगळी औषधं याच कामाची आहेत.

२. एक वही घ्या आणि घड्याळ लावून लिहा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. हे आजार बहुतेक वेळा एका रिपोर्टवरून कळत नाहीत. कुठे दुखतं, कधी दुखतं, किती वेळ दुखतं, या कहाणीतून कळतात. आणि डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळाली की आपण सांगतो, “सगळं अंग दुखतंय.” मी चौदा महिने हेच वाक्य बोलत होते. मला कॅल्शियम आणि दुखण्याच्या गोळ्या मिळत राहिल्या.

सांध्यांसाठी रोज एवढं लिहा:

- उठल्यापासून हात-पाय मोकळे व्हायला किती मिनिटं लागली? वयानं झिजलेल्या गुडघ्याचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवातात तो तास-दोन तास टिकतो. माझ्या वहीतली एक ओळ: “उठले ५:४०, चहाचा कप एका हातात धरला ८:१५.” ही ओळ वाचूनच डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझे हात तपासायला घेतले.
- कोणते सांधे? हाताचं चित्र काढा आणि खुणा करा. आमवात बहुधा बोटांची मुळं, बोटांचे मधले सांधे, मनगटं आणि पायांचे चवडे धरतो, तेही दोन्ही बाजूंचे. नखाजवळचा शेवटचा सांधा त्यात सहसा नसतो.
- बसून राहिल्यावर वाढतं की काम केल्यावर? झिजेचं दुखणं कामानं वाढतं. आमच्यासारख्यांचं विश्रांतीनंतर वाढतं, हातपाय हलवले की कमी होतं.
- सूज आहे का? असेल त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी सूज नेमकी उतरलेली असते.

भाचीची वही वेगळी होती. उन्हात गेल्यावर गालांवर आणि नाकावर लाली, तोंडात न दुखणारे फोड, मुठीनं गळणारे केस, कारण न सापडणारा बारीक ताप. जानेवारीत महाबळेश्वरला गेली तेव्हा तिची बोटं आधी पांढरी पडली, मग निळी झाली. सगळ्यांना ती थंडी वाटली. ल्युपसमध्ये आणि अशाच काही आजारांत थंडीनं बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. तोही एक धागा असतो.

या गोष्टींना मात्र वहीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा: लहान मुलाला अचानक खूप तहान, सारखी लघवी आणि वजन उतरणं (टाइप १ मधुमेहात उशीर जिवावर बेततो), लघवीला फेस आणि चेहऱ्यावर सूज, धाप, हातापायातली ताकद जाणं, एकाएकी धूसर दिसणं, पापण्या मिटत येऊन गिळायला त्रास.

आपल्या भागात आणखी एक गोंधळ आहे तो चिकनगुनियाचा. २००६च्या साथीनंतर सांधेदुखी म्हटलं की “चिकनगुनियाचं राहिलंय” हे उत्तर तयार असतं. चिकनगुनियानंतर सांधे काही महिने दुखू शकतात हे खरं आहे. पण ताप आलाच नसेल, किंवा तीन महिन्यांनंतरही सूज असेल, तर त्या उत्तरावर थांबू नका. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे असतात. तेव्हा औषध सुरू झालं तर सांधे वाचतात.

३. कुणाकडे जायचं

गावातल्या डॉक्टरांपासून सुरुवात करायला हरकत नाही. पण सहा आठवड्यांत सूज गेली नाही तर एमडी मेडिसिन डॉक्टरांना भेटा आणि सरळ विचारा, “हा ऑटोइम्युन प्रकार असू शकेल का?” या आजारांचे खास डॉक्टर म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्ट. हाडांचे डॉक्टर वेगळे. मी आठ महिने हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि त्यात दोष माझ्या माहितीचा होता.

आपल्याकडे मिरज आहे हे आपलं भाग्य. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं तिथे उपचाराला येतात. मिरजेत १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगली-मिरजेत आधी चौकशी करा. मग कोल्हापूर, नाहीतर पुणे. साताऱ्याच्या लोकांना पुणं जवळ पडतं. खास डॉक्टर लांब असतील तर तीन-चार महिन्यांतून एकदा त्यांना दाखवायचं आणि मधली रक्ततपासणी गावाजवळ करायची, अशी सोय बसवता येते. आम्ही तशीच बसवलीय.

थायरॉइड किंवा मधुमेह असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, कोड-सोरायसिसला त्वचातज्ज्ञ, हातापायातली ताकद जात असेल तर न्यूरॉलॉजिस्ट.

४. पहिल्या भेटीला काय न्यायचं

- ती वही आणि सुजेचे फोटो
- आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. जुने रिपोर्ट फेकू नका
- चालू गोळ्यांची पाकिटं. नावं सांगू नका, पाकिटं दाखवा. पुडी किंवा काढा घेत असाल तर तोही न्या, लाजू नका
- घरात कुणाला थायरॉइड, कोड, सोरायसिस, आमवात आहे का, याची यादी
- क्षयरोग, कावीळ होऊन गेली असेल तर त्याचे कागद
- बायकांनी गर्भपात झाले असतील तर तेही सांगायचं. भाचीच्या बाबतीत आम्ही ते संकोचानं लपवलं होतं. ल्युपससोबत रक्त गोठण्याचा एक दोष असू शकतो, त्यात वारंवार गर्भपात होतात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढची तपासणी त्यावरूनच ठरली
- आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोघांच्या दोन-दोन झेरॉक्स

सोबत एक माणूस न्या. सांगितलेलं अर्धं आपल्या डोक्यात राहत नाही.

५. रिपोर्ट बघून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

ईएसआर आणि सीआरपी: शरीरात कुठेतरी दाह आहे, एवढंच सांगतात. साध्या संसर्गातही वाढतात.

आरए फॅक्टर: आमवाताच्या दहांतल्या दोन-तीन रुग्णांत हा निगेटिव्ह येतो. उलट काही धडधाकट माणसांत, विशेषतः म्हातारपणी, पॉझिटिव्ह येतो. माझा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. “वात नाही” म्हणून मी पेढे वाटले आणि सहा महिने घालवले.

अँटी-सीसीपी: ही तपासणी जास्त नेमकी. पॉझिटिव्ह आली तर आमवाताची शक्यता बरीच वाढते. माझी पॉझिटिव्ह होती, पण ती तोवर कुणी सांगितलीच नव्हती. वरचे दोन रिपोर्ट साधे आले आणि सूज कायम असेल, तर या तपासणीबद्दल विचारा.

एएनए: ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत पॉझिटिव्ह असते, पण कमी प्रमाणात ती निरोगी दहा माणसांतल्या एखाद्यातही सापडते. लक्षणं काहीच नसताना “फुल बॉडी” तपासणीत एएनए पॉझिटिव्ह आली म्हणून रात्र रात्र रडणारी एक शेजारीण मी पाहिलीय. तिला कुठलाच आजार निघाला नाही. ल्युपसची शंका खरी असेल तर डॉक्टर पुढे अँटी-डीएसडीएनए, सी३, सी४ या रक्ततपासण्या सांगतात. आणि लघवीची तपासणी. ती स्वस्त आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. मूत्रपिंडावरचा हल्ला दुखत नाही, तो लघवीतल्या प्रोटीनमध्येच आधी दिसतो.

एएसओ आणि युरिक ॲसिड: “वाताची तपासणी” म्हणून या दोन्ही सर्रास होतात. एएसओ घशातल्या एका जंतूचा संसर्ग होऊन गेल्याचं सांगते. तिचा आमवाताशी संबंध नाही. युरिक ॲसिड वेगळ्या आजाराचं, गाउटचं.

आणखी एक सापळा. सारखं पोट बिघडतं म्हणून गव्हाच्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची, शंका असेल तर तपासणीआधी चपाती बंद करू नका. गहू पोटात नसेल तर रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो. आधी तपासणी, मग पथ्य.

६. औषधं: इथे चूक चालत नाही

मेथोट्रेक्सेट. आमवाताचं मुख्य औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. चुकून रोज दिल्यामुळे असे मृत्यू झालेले आहेत. चिठ्ठीवर वार लिहून घ्या. माझा बुधवार. बाकी गोळ्यांच्या डब्यात ही ठेवतच नाही. वेगळ्या डबीवर लाल अक्षरांत “फक्त बुधवार” लिहून ती कपाटात वरच्या फळीवर ठेवते. घरात म्हातारी माणसं गोळ्या काढून देत असतील तर त्यांनाही बसवून सांगा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या दिवशी.

गोळी विसरली तर? दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्यायची, नाहीतर तो आठवडा सोडून द्यायचा. दुप्पट कधीच नाही.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात “काही फरक नाही” म्हणून बंद करणारे मी खूप पाहिले. तोवर डॉक्टर जोडीला दुसरं काही देतात. सुरुवातीला वरचेवर आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशी), एलएफटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) या तपासण्या करायच्या. रक्त पुढच्या गोळीच्या एक-दोन दिवस आधी दिलेलं बरं. गोळीच्या दुसऱ्याच दिवशी यकृताचे आकडे थोडे चढलेले दिसू शकतात. तोंडात फोड, ताप, नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढची गोळी थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. दारू नाही.

लघवीच्या जळजळीसाठी गावात कोट्रायमॉक्सॅझोल दिलं जातं. मेथोट्रेक्सेटसोबत ते फार धोक्याचं. कुठल्याही डॉक्टरकडे, दातांच्या सुद्धा, पहिलं वाक्य हेच बोला: “मी मेथोट्रेक्सेटवर आहे.”

मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही. गर्भाला इजा होते. ते काही महिने आधी थांबवावं लागतं आणि दुसरं सुरू करावं लागतं. नवीन लग्न झालेल्या मुलींनी हा विषय पहिल्याच भेटीत काढावा. सासू बरोबर असेल तर डॉक्टरांना एकटीनं बोलायचंय असं सांगावं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळचं मलेरियाचं औषध, ल्युपसमध्ये पाया. गरोदरपणातही सहसा चालू ठेवतात. मात्रा वजनावर ठरते. सुरुवातीला एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये कोरोनासाठी म्हणून लोकांनी या गोळ्यांचा साठा केला, तेव्हा ल्युपसच्या रुग्णांना त्या मिळेनाशा झाल्या. तेव्हापासून आमच्याकडे एक महिन्याचं औषध नेहमी शिलकीत असतं.

स्टिरॉइड. १९४८ मध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. त्या कामाला १९५० मध्ये नोबेल मिळालं. हाच चमत्कार लोकांना अडकवतो. थोड्या दिवसांसाठी, मोजून, जेवणानंतर घेतलं तर ते जीव वाचवतं. महिनोन्महिने घेतलं की साखर, रक्तदाब, मोतीबिंदू, ठिसूळ हाडं. आणि बरेच आठवडे घेतल्यावर एकदम बंद करायचं नाही. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर झोपलेलं असतं. उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं, थेट आयसीयू. उतरवायचं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनी.

बायोलॉजिकल इंजेक्शनं, म्हणजे भरकटलेल्या प्रतिकारशक्तीचा नेमका एखादा दुवा अडवणारी औषधं, महाग असतात आणि सगळ्यांना लागत नाहीत. ती द्यायच्या आधी दडलेला क्षयरोग आणि कावीळ बी, सी तपासतात. हा टप्पा कुणी गाळत असेल तर तुम्ही विचारा. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेता येते. जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

७. पुडी, काढा, हळद आणि पथ्य

माझ्या चौदा महिन्यांतले पाच महिने एका पुडीवर गेले. नाव नसलेली, पिवळसर पावडर, रोज एक. तिसऱ्या दिवशी मी धावायला लागले. पाचव्या महिन्यात चेहरा फुगला आणि साखर २४० निघाली. डॉक्टरांनी पुडी बघितली आणि म्हणाले, यात स्टिरॉइड असणार. नाव, घटक, बॅच नंबर नसलेलं काहीही पोटात घालू नका. सुरू असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच थांबवा, वर सांगितलेल्या कारणासाठी.

गुळवेल: काढा घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. मी मात्र यकृतावर ताण देणारी गोळी घेते, म्हणून तो धोका पत्करत नाही.

हळद: सांगली म्हणजे हळदीची पेठ, त्यामुळे प्रत्येक पाहुणा दुधातून हळद घ्यायला सांगतो. भाजीतली, दुधातली हळद खुशाल घ्या. तिनं मेथोट्रेक्सेटची जागा घेतली असं अजून कुठे दिसलेलं नाही. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आंबट, बटाटा, डाळ, दही बंद करून मी सात किलो उतरले. हात तसेच राहिले. पोटभर जेवा. बिडी-सिगरेट मात्र सोडा, धूम्रपानानं आमवात बळावतो.

८. पैशाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशन कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांसाठी. दर महिन्याच्या गोळ्या त्यात धरू नका. भरती व्हायची वेळ आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटा. गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात औषधाचं मूळ नाव दाखवून विचारा. बिलं जपून ठेवा.

९. घर आणि काम

हे दुखणं दिसत नाही. सकाळी अंथरुणातून उठता येत नाही आणि दुपारी तीच बाई धुणं धुताना दिसते, मग “नाटक करते” असं होतं. भाचीच्या घरी आम्ही वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तिच्या सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी तिला दुपारी शेतात पाठवायचं बंद केलं. ल्युपसला ऊन सोसत नाही, म्हणून पूर्ण बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन. तिनं भांगलण सोडली आणि बेदाणा प्रतवारीचं सावलीतलं काम घेतलं.

दुखणं उसळलेलं असताना विश्रांती, ओसरल्यावर व्यायाम. दोन्ही लागतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून मुठी उघडझाप केल्या की माझी सकाळ लवकर सुरू होते. बरण्यांची झाकणं सैल ठेवते, पिशवी बोटांऐवजी कोपरावर अडकवते, कणीक मोठा मुलगा मळतो. छाटणीला मी अजूनही जाते. स्प्रिंगची हलकी कात्री घेतलीय, आणि माझी ओळ सातऐवजी दहाला सुरू होते.